हाताचा गुण

आईने पेला एका दमात रिकामा केला आणि लगेच पुन्हा पुढे धरला. ताईने तो भरून दिला. पावाचा तुकडा आईने चहात बुडवूनच खाल्ला होता, तरी तो घशाखाली उतरवताना तिला मान वर ताणावी लागली होती. ओठांच्या कडांना सालपटं निघाली होती. खुर्चीच्या कडेला बसून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि मधूनच हात उचलून काहीतरी झटकत होती.

"मुंग्या," ती म्हणाली. "ठके, बघ कशा रांगेने चालल्यात."

भिंत स्वच्छ होती. ताईने मान डोलावली आणि आपली खुर्ची जवळ ओढली.

ठकी हे तिचं लहानपणचं नाव. घरात सगळे तिला ताई म्हणत, कॉलेजात मॅडम. नर्सिंगच्या मुलींना ती औषधशास्त्र शिकवायची. केस पिकेपर्यंत एकच विषय शिकवल्यामुळे मुली पाठीमागे तिला 'डोस मॅडम' म्हणत. हे तिच्या कानावर होतं, आणि तिला ते मनातून आवडायचंही. ठकी म्हणणारं मात्र जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने ते नाव कित्येक वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. नावाचं सोडाच, बोलणंच टाकलं होतं.

ते वडील गेले तेव्हापासूनचं. वडिलांची फुप्फुसं निकामी होत गेली, आणि हॉस्पिटलने हात टेकल्यावर त्यांना घरी आणलं. बसलं तर श्वास, आडवं झालं की गुदमर, अशी त्यांची गत होती. डॉक्टरांनी मॉर्फीन लिहून दिलं, अगदी थोड्या मात्रेत. घरात लेक नर्स असताना सुई टोचायला बाहेरचं माणूस कोण आणणार? ताईने रजा काढली आणि माहेरी येऊन राहिली. औषधाने वडिलांचा जीव शांत झाला, दोन घास पोटात जाऊ लागले, ते मधूनच थट्टाही करू लागले. आणि एका संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी, ते गेले. आई शेजारच्या खोलीत पडली होती. ती बाहेर आली तोवर सगळं आटोपलं होतं. तिने वडिलांच्या पायांवर हात ठेवला, वळून ताईकडे बघितलं आणि चार माणसांदेखत एकच वाक्य बोलली.

"औषध तू दिलंस."

आलेल्या प्रत्येकाने ते वाक्य आपापल्या घरी नेलं. सुई टोचली आणि माणूस गेलं, एवढंच ज्यांना दिसलं त्यांना मात्रेचा हिशेब कोण समजावणार? आईला तरी समजावावं म्हणून ताई एकदा तिच्यासमोर जाऊन बसली. तिने तोंड उघडताच आई उठली आणि गॅसवर काहीच नसताना गॅसपाशी जाऊन उभी राहिली.

त्यानंतर दोघींमध्ये भाऊ दुभाष्या झाला. 'तिला विचार, चहा घेणार का,' आई ताईदेखत त्याला सांगायची. 'आईला सांग, घेते,' ताई म्हणायची. भाऊ बिचारा दोन्हीकडे मान वळवायचा. एकदा कंटाळून तो म्हणाला की दोन देशांचे वकील परवडले, निदान त्यांना पगार तरी असतो. कुणी हसलं नाही.

गेल्या काही महिन्यांत मात्र आई विसरायला लागली होती. आधी गॅस चालू राहिला. मग दाराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली. एकदा तर कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि घरी परतायचा रस्ताच तिला आठवेना. ओळखीच्या धोब्याने हाताला धरून आणून सोडलं. अशातच एका दुपारी ताई भावाकडे आली असताना आईने दार उघडलं, तिच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली,

"ठके, किती वाळलीस गं."

ताई उंबऱ्यातच उभी राहिली. चपला पायातच ठेवून ती आत गेली हे तिला पुष्कळ वेळाने कळलं.

तेव्हापासून कॉलेज सुटलं की ती रोज इकडे येऊ लागली. आई तिच्या केसांतून हात फिरवायची, शाळेतल्या बाईंनी मारलं का विचारायची. वडील कुठे गेलेत असं विचारलं की ताई म्हणायची, येतील. ही माया कुठून आली, कशाने आली, याच्या खोलात ती शिरली नाही. वय झालं की होतं असं, ती स्वतःशी म्हणाली. हे वाक्य एखाद्या विद्यार्थिनीने उच्चारलं असतं तर तिने तिला वर्गात उभं केलं असतं.

भाऊ घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान चालवायचा, भावजय शाळेच्या कचेरीत होती. दिवसभर आईपाशी बसायला कुणी नव्हतं. आईला मुंग्या दिसल्या त्या दिवशी कपबशा विसळता विसळता भावाने पाठमोऱ्यानेच सांगितलं, की वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे, लोक चांगले आहेत, तो दोनदा जाऊन बघून आला आहे. बोलताना तो एकच बशी पुन्हा पुन्हा विसळत होता.

"मी नेते तिला माझ्याकडे," ताई म्हणाली.

भावाने नळ बंद केला. तो म्हणाला, की ताईच्या घरात माणसं आहेत, जागा आहे, सगळं खरं. पण आई शुद्धीवर असती तर तिच्याकडे आली असती का? ताईने बाहेर जाऊन आईलाच विचारलं. आई लगेच उठली आणि आपली पिशवी शोधू लागली. ठकीकडे जायला तिची ना नव्हती. हे कसं सुचलं नाही इतके दिवस, असा तिचा चेहरा होता.

तिला न्यायचं पुढच्या आठवड्यात ठरलं.

सामान आवरायचं काम ताईने अंगावर घेतलं. कपडे झाले, चष्मे झाले, मग औषधांचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तिने तो पलंगावर पालथा केला आणि सवयीने गोळ्यांची पाकिटं सरळ करून लावू लागली. रक्तदाबाची गोळी तिला ठाऊक होती. मग अंगाला खाज सुटते म्हणून कातडीच्या डॉक्टरांनी दिलेली. मग लघवीला वारंवार जावं लागतं त्यासाठीची, ती दुसऱ्या डॉक्टरांची. आणि पाय चमकतात, झोप येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून आणलेली तिसरी. पाकीट उलटं करून तिने मागचं बारीक नाव वाचलं. मग बाकीच्या दोन्हींचं वाचलं.

एकेक औषध आपल्या जागी बरोबर होतं. खाजेची गोळी खाज थांबवत होती, लघवीची लघवी. पण तिन्हींचा एक छुपा गुण सारखाच होता: शरीरातला ओलावा आटवायचा आणि मेंदूतला एक रासायनिक निरोप्या अडवून धरायचा. तरुण माणूस एकीने नुसता पेंगतो. म्हाताऱ्या माणसाच्या पोटात तिन्ही एकदम गेल्या, तर ते माणूस हळूहळू आपल्यातूनच निघून जातं.

ताई उठून आईपाशी गेली. हनुवटीला धरून तिने आईचा चेहरा खिडकीकडे वळवला. भर उजेडात बाहुल्या मोठ्या होत्या, बुबुळाची नुसती कडा उरली होती. मनगटाखाली नाडी धावत होती. तळहात कागदासारखा कोरडा.

"काय बघतेस?" आईने विचारलं.

"काही नाही."

"माझी ठकी ती," आई म्हणाली आणि तिच्या गालाला हात लावला.

ताईने गोळ्या डब्यात भरल्या आणि झाकण दाबून बसवलं. भाऊ आला तेव्हा तिने त्याला कपड्यांविषयी सांगितलं, चष्म्यांविषयी सांगितलं आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिची मुलींबरोबर वॉर्डात फेरी होती. एका खाटेवर एक म्हातारे गृहस्थ चादरीच्या कडा कुरतडत पडले होते. ज्या मुलीकडे ते होते ती सांगू लागली: पेशंट दोन दिवसांपासून असंबद्ध बोलतोय, वयोमानाने विस्मरण. बाकीच्या मुली मॅडमकडे बघू लागल्या, कारण आता मॅडम काय म्हणणार हे त्यांना पाठ होतं. दर वर्षी दर तुकडीला त्या एकदा तरी सुनावत, की म्हातारपण हे निदान नव्हे, आधी गोळ्या बघा. पण मॅडम काही बोलल्याच नाहीत. खाटेच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. शेवटी त्या मुलीलाच राहवेना.

"आधी गोळ्या बघायच्या ना, मॅडम?"

"हो," ताई म्हणाली. "आधी गोळ्या."

ती फेरी संपवून तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेली. हे डॉक्टर वयस्क, शांत. औषधांवरून त्यांच्याशी तिचे वर्षानुवर्षं वाद झाले होते आणि त्या वादांतूनच दोघांची दोस्ती जमली होती. तिने तिन्ही नावं सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आईला आजच घेऊन या म्हणाले. तपासून त्यांनी खाजेची गोळी बंद केली, लघवीची बदलली. झोपेची मात्र हळूहळू उतरवायची होती, एकदम तोडली तर तिचा वेगळा त्रास होतो. भ्रम पूर्ण उतरेल अशी हमी देता येत नाही, पण बहुतेक उतरेल, असं ते म्हणाले. मग ताईकडे बघून त्यांनी विचारलं, की बातमी एवढी चांगली आणि चेहरा असा का? ताई म्हणाली, झोप नीट झाली नाही.

भावाला सांगितलं तेव्हा तो दुकानातल्या स्टुलावर खाली बसला. समोर उघडलेला मिक्सर तसाच होता. म्हणजे आम्हीच तिला वेळच्या वेळी गोळ्या देऊन वेडी केली, असं तो म्हणाला. ताईने त्याला समजावलं, की दोष त्याचा नाही. तिघा डॉक्टरांनी आपापलं दुखणं बघितलं, आणि डबा कुणीच पालथा केला नाही. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, परत ठेवला.

"पण मग आई तुझ्याशी..." तो म्हणाला आणि थांबला.

"हो," ताई म्हणाली. "नेणं आता राहू दे. बघू."

आई भानावर आली ती गेली होती त्याच वाटेने, उलट पावलांनी. आधी तहान गेली. मग मुंग्या गेल्या. मग एके सकाळी तिने वर्तमानपत्र मागितलं आणि चष्म्याचा नंबर बदलायला झाला आहे अशी तक्रार केली. भावजयीने कुंडीत पाणी जास्त घातलं म्हणून आई तिला टाकून बोलली, तेव्हा भावजयीने आनंदाने दुकानात फोन केला. बोलणी खाऊन इतकं हरखलेलं माणूस भावाने पहिल्यांदाच बघितलं. घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

त्या दिवशी ताई आली तेव्हा दार आईनेच उघडलं. दोघींची नजरानजर झाली. आईच्या चेहऱ्यावर काही उमटत आलं आणि वारा येतो म्हणून खिडकी लावून घ्यावी तसं ते आत गेलं. ती मागे वळली.

"ताई आलीय," तिने मुलाला हाक देऊन सांगितलं.

ताईने चपला काढल्या, नीट भिंतीशी लावल्या आणि आत गेली.

येणं तिने सोडलं नाही. झोपेची गोळी उतरत होती, रक्तदाब बघायला हवा होता. आई न बघता दंड पुढे करायची, ती पट्टा बांधायची, आकडा भावाला सांगायची. सगळं पूर्ववत झालं होतं. फरक एवढाच, की पूर्वी आई खोलीतून उठून जायची, आता ती बसून राहायची.

मग एका रविवारी भाऊ आणि भावजय बाहेर गेले होते. ताई पट्टा सोडत होती, आणि आकडा सांगायला कुणी नव्हतं. तिने तो हवेतच सांगितला. आईने बाही खाली ओढली, तिचं टोक सारखं केलं.

"गोळ्या तू बंद करायला लावल्यास."

ताईने मागे बघितलं नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"डॉक्टरांनी केल्या. मी सांगितलं त्यांना."

"मला सगळं आठवेल हे ठाऊक असून."

"हो."

ताईला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. तिने पट्ट्याची गुंडाळी मांडीवर ठेवली आणि सुरुवात केली. हे बोलणं तिने मनात इतक्यांदा घोळवलं होतं, की शब्द आपोआप आले. मॉर्फीन श्वास मारत नाही, गुदमरण्याची भीती मारतं. जास्त दिलं तर धोका असतो, म्हणून ते मोजून देतात. वडिलांना दिलेली मात्रा किती कमी होती, दर वेळी देण्याआधी ती त्यांचा श्वास कसा मोजायची, शेवटची सुई आणि त्यांचं जाणं यांत किती अंतर होतं. बोलता बोलता तिला वर्गातला आवाज लागला. तो ऐकून तीच थबकली, पण आईने तिला पुरतं बोलू दिलं.

"हे मला तेव्हाच दिसत होतं," आई म्हणाली. "सुई दिलीस की ते निवांत व्हायचे. मी उशाशीच असायचे ना. तुझ्या हाताला गुण होता."

ताईने खुर्ची पुढे सरकवली.

"मग तू म्हणालीस ते..."

"सुईचं मी कधी म्हणाले?"

बाहेर जिन्यावरून कुणीतरी सायकल उतरवत होतं. चाक पायरीपायरीला आपटत होतं.

"मला दिलीस ना तू," आई म्हणाली. "दुपारी. मी झोपत नव्हते. म्हणालीस, डोकं दुखतंय ना, ही घे, डोकेदुखीची आहे."

सुईची प्रत्येक वेळ ताईला तोंडपाठ होती. ही झोपेची गोळी मात्र तिला आठवणीत शोधावी लागली. ओट्याची कड आठवली, मग आईचे लाल झालेले डोळे, मग भिंतीला हात लावत चाललेली आई. एवढी दमलेली बाई पडली तर काय घ्या, असं तेव्हा मनात आलं होतं, हेही आठवलं. कुठल्याही पेशंटच्या कुठल्याही दमलेल्या नातेवाइकासाठी तिने हेच केलं असतं. त्यावर पुन्हा कधी विचार करावा असं तिला वाटलं नव्हतं.

"अर्धीच होती," ती म्हणाली.

"अर्धी पुरली."

ताईने पट्ट्याची गुंडाळी सोडली आणि पुन्हा घट्ट गुंडाळली.

"शेवटी काय म्हणाले?" आईने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, कापतही नव्हता. गावाला जाऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं होतं.

"दाराकडे बघत होते. मी म्हटलं, आईला उठवू का? तर म्हणाले, पडू दे, थोड्या वेळाने उठव."

"थोड्या वेळाने."

"मला वाटलं, थोडा वेळ आहे."

आईने मान हलवली. होकाराची की नकाराची ते कळत नव्हतं. मग ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि बसली होती त्याच खुर्चीत परत येऊन बसली. खोलीत अंधारून आलं होतं. ताईने दिवा लावला. भाऊ अजून आला नव्हता आणि आईच्या संध्याकाळच्या गोळ्यांची वेळ झाली होती.

एरवी ती गोळ्या काढून आईच्या तळहातावर ठेवायची आणि पेला पुढे करायची. आज तिने त्या बशीत ठेवल्या, एकमेकींपासून दूर, आणि बशी दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवली.

"ही पांढरी रक्तदाबाची," ती म्हणाली. "ही पिवळी झोपेची. कमी केलीय, अजून थोडे दिवस घ्यायचीय. घेतलीस की तासाभरात डोळे मिटायला लागतील."

वर्गात ती हे यापेक्षा पुष्कळ चांगलं सांगायची. आईने बशी उजेडात ओढली, चष्मा वर करून दोन्ही गोळ्या नीट बघितल्या. पांढरी तिने उचलून तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली. पिवळी बोटाने बशीच्या कडेला सारली.

"ही तू गेल्यावर घेईन," ती म्हणाली.